एक तास मागे

१

अलका परुळेकरांना जहाज मागे टाकून गेलं, ही बातमी त्यांच्या आधी सिल्वासाला पोचली.

टोकरखाड्याच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई. वय अडुसष्ट. निवृत्तीनंतर बारा जलप्रवास झालेले, नऊ समुद्रावरचे आणि तीन नद्यांवरचे. सिल्वासात कुणी क्रूझचं तिकीट काढायचं ठरवलं की पहिला फोन बाईंना.

"बाई, केबिन कुठली घेऊ?"

"मधली घे, खालच्या मजल्यावरची. पुढच्या टोकाला घेतलीस तर तीन दिवस पाळण्यात बसल्यासारखा हलशील."

"इस्त्री नेऊ का?"

"नेलीस तर दारातच काढून घेतील, आगीच्या भीतीनं. त्यापेक्षा हुकाची लोहचुंबकं ने. केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात. ओले कपडे अडकवायला बरी पडतात."

मराठी मंडळानं बाईंच्या सूचनांची सोळा पानी पुस्तिकाही छापली होती.

आणि त्याच बाईंना जहाज सोडून गेलं.

या खेपेला सिंगापूरहून निघालेलं जहाज फुकेतला एक दिवस थांबलं होतं. सिल्वासाचे चौदा जण होते. बाईंबरोबर त्यांचा मुलगा प्रसाद होता, केबिनमध्ये सोबतीला जुनी मैत्रीण रजनी चुरी होती, आणि सगळ्यांना घेऊन गेलेला टूरवाला कल्पेश. फुकेतची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे, पण जहाज सिंगापूरचीच वेळ धरून चालतं. परत चढायची वेळ पाच, म्हणजे जहाजाचे पाच. किनाऱ्यावर तेव्हा चार वाजलेले असतात. बाईंच्या पुस्तिकेत हे ठळक अक्षरांत होतं: फोन बंदराबंदराला वेळ बदलतो, त्याच्यावर विसंबू नका. हातात साधं चावीचं घड्याळ घाला, जहाजाच्या वेळेला लावा आणि मग त्याला हात लावू नका.

दुपारी समुद्रकिनाऱ्यावरून बाकीचे बाजारात गेले. बाई नेहमीसारख्या एकट्याच जुनं गाव बघायला गेल्या, आणि नेहमीसारख्या अर्धा तास आधी, मनगटावर साडेचार वाजलेले असताना, धक्क्यावर परतल्या.

जहाज सुटलं होतं. तेरा मजल्यांची ती पांढरी भिंत धक्क्यापासून दूर सरकत होती आणि मधलं पाणी रुंद होत होतं.

"जहाजाचे साडेपाच झाले, मॅडम," बंदरावरच्या एजंटकडची मुलगी मोडक्या इंग्रजीत म्हणाली. तिनं एक पाकीट हातात दिलं. आत बाईंचा पासपोर्ट होता. कुणी मागे राहिलं की जहाजाचे लोक तिजोरीतला पासपोर्ट काढून एजंटकडे देतात, हे बाईंना माहीत होतं. पासपोर्टसोबत रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी होती. "तुमच्या माणसांना तुमची फार काळजी आहे," मुलगी हसून म्हणाली. रजनीनं दिली असणार, असं बाईंना वाटलं.

मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळाचे काटे तिथल्या तिथे एक तास पुढे ढकलले. इतकी शरम वाटली, की ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही. कल्पेशला, रजनीला, प्रसादला, सगळ्यांना एकच वाक्य सांगितलं: "मला उशीर झाला."

घरी आल्यावर आठवड्याभरानं मंडळाचे अध्यक्ष रमाकांत देवस्थळींचा फोन आला. "अलकाताई, जलप्रवासावरचं तुमचं रविवारचं व्याख्यान रजनीताईंना देऊ या म्हणतो. तुम्ही आता जरा आराम करा."

"मला काय धाड भरलीय?"

"तसं नव्हे हो. पण लोक बोलतात. विसराळूपणा या वयात व्हायचाच."

बाईंनी फोन ठेवला. जानेवारीत त्यांना एकटीनं एकशे दहा दिवसांच्या जगप्रदक्षिणेला जायचं होतं. जागा राखून झाली होती. व्हिसाचे कागद काढायला त्यांनी कपाट उघडलं.

पासपोर्ट जागेवर नव्हता.

"मी ठेवलाय, आई," दारातून प्रसाद म्हणाला. "बँकेच्या लॉकरमध्ये. आणि उद्या आपण वापीला डॉक्टरांकडे जातोय."

२

"एक वर्तुळ काढा, आजी," डॉक्टर म्हणाले. "त्यात घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

एकतीस वर्षं फळ्यावर हातानं वर्तुळं काढलेल्या बाईंनी पेन उचललं. संताप आला होता. तरी वर्तुळ जसं यायला हवं तसंच आलं.

प्रसाद शेजारच्या खुर्चीत बसून बोलत होता, आई खोलीत नसल्यासारखा. सूत बनवणाऱ्या कारखान्यात तो मोठ्या हुद्द्यावर होता आणि कामगारांच्या तक्रारी ज्या शांत आवाजात मिटवायचा, तोच आवाज त्यानं लावला होता. "जानेवारीत हिला एकटीनं जगप्रदक्षिणेला जायचंय, डॉक्टर. चार महिने. आणि इथे घड्याळ एक तास मागे लावून बसली, जहाज चुकवलं. परक्या देशात धक्क्यावर एकटी. आम्ही काय समजायचं?"

"चाचणी तर व्यवस्थित आहे," डॉक्टर म्हणाले. "पण वय बघता एकटीनं नकोच. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."



दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सून मनीषा स्वयंपाकघरात आली, तेव्हा बाई ओट्याशी उभ्या राहून पुटपुटत होत्या. "एकोणतीस सत्ते दोनशे तीन, एकोणतीस आठे दोनशे बत्तीस…"

"आई? काय करताय?"

"डोकं जागेवर आहे का बघतेय." बाईंनी गॅस बंद केला. "रोज सकाळी बघते. तिकडून आल्यापासून. पाढा चुकला की समजायचं, हे सगळे म्हणतात ते खरं."

मनीषा एका शाळेच्या ऑफिसात काम करायची. परीक्षांच्या गडबडीमुळे ती सहलीला गेली नव्हती. सासूच्या डोळ्यांत तिनं पहिल्यांदाच भीती पाहिली आणि तिला राग आला. कुणाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मला नीट सांगा. उशीर कसा झाला?"

बाईंनी ओटा पुसला. मग म्हणाल्या, "उशीर नव्हता झाला. माझं घड्याळ तासभर मागे होतं. पहाटे मीच ते जहाजाच्या वेळेला लावलं होतं, मला लख्ख आठवतंय. पण कदाचित नसेनही लावलं. आता मला काहीच खात्रीनं सांगता येत नाही. हे मी आजवर कुणाला बोलले नाही, मनीषा."

मनीषानं त्यांच्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. "त्या दिवशीच्या फोटोत तुमचा हात असेल ना?"

३

रजनी चुरी कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेल्या. दार उघडलं आणि अलकाबाईंना बघून त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"अगं, मी मागितलं नव्हतं ते व्याख्यान. रमाकांतरावांनीच गळ्यात मारलं. मला बोलता येतं का चार लोकांत?"

"मग नाही म्हणायचंस."

"म्हणणारच होते."

"कधी? माझ्या तेराव्याला?"

रजनीबाईंचे डोळे भरून आले. मनीषा मध्ये पडली. "काकू, फुकेतचे फोटो बघायचेत. तुमच्याच फोनवर. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोंवर काढल्याची वेळ कळत नाही."

फोन लगेच पुढे आला. रजनीबाईंच्या फोननं तिथे उतरताच फुकेतची वेळ धरली होती. मनीषानं एक फोटो मोठा केला. बाई शहाळ्याचं पाणी पिताहेत, डावा हात वर. फोटो अकरा वीसचा. मनगटावरच्या घड्याळात बारा वीस.

"एक तास पुढे," बाई हळूच म्हणाल्या. "म्हणजे जहाजाची वेळ. मी बरोबर लावलं होतं."

"थांबा." मनीषानं आणखी बरेच फोटो सरकवले. त्यांतल्या एकात बाई टॅक्सीत बसताना निरोपाचा हात हलवत होत्या. फोटो एक वाजून पाच मिनिटांचा. घड्याळातही एक वाजून पाच मिनिटं.



"घड्याळ बिघडलं असतं तर बंद पडलं असतं," बाई म्हणाल्या. आता आवाज फळ्यापुढच्या बाईंचा होता. "बरोबर साठ मिनिटं मागे गेलं नसतं. अकरा वीस ते एक पाच या वेळात कुणीतरी चावी ओढून काटे फिरवलेत. या वेळात ते हातातून एकदाच काढलं, मी पाण्यात उतरले तेव्हा. आणि दिलं तुझ्याकडे, रजनी."

"मी पर्समध्ये ठेवलं!" रजनीबाई उठूनच उभ्या राहिल्या. "पर्स खुर्चीवर ठेवली आणि पाय चेपून घ्यायला गेले. तिथे प्रसाद छत्रीखाली झोपला होता. कल्पेश खुर्चीवाल्याशी भांडत होता. बाकीचे सगळे लांब पाण्यात. चोर कुणी आला असेल."

"चोर घड्याळ उचलून नेतो. काटे फिरवून परत ठेवत नाही."

"मग तू माझ्यावर संशय घेतेस?"

"तू असतीस तर हे फोटो कधीच पुसले असतेस." बाई जायला उठल्या. रागातही एक गोष्ट राहिली होती, ती त्यांनी कोरडेपणानं उरकली. "आणि पाकिटात गोळ्या घातल्यास, त्याबद्दल आभार."

"कसल्या गोळ्या?" रजनीबाईंनी विचारलं.

४

दुधनीच्या धक्क्यावर कल्पेश कुठल्याशा कारखान्याची पिकनिक घेऊन आला होता. मधुबन धरणाच्या पाण्यावर बोटी फिरत होत्या, स्पीकरवर गाणी लागली होती, आणि लाइफ जॅकेट कमी पडली म्हणून कल्पेश बोटवाल्यावर ओरडत होता. मनीषाची स्कूटर थांबताना त्यानं पाहिलं आणि त्याचा चेहरा आणखी वाकडा झाला.

"सांभळो ने, ऐका जरा, अलकाबेन, मला आधीच डोकेदुखी आहे."

"माझ्या घड्याळाला हात कुणी लावला?"

"घड्याळ? कुठलं घड्याळ?" कल्पेश गोंधळला. "तुम्ही रस्ता चुकल्या ना? मी तर सगळ्यांना तेच सांगितलं, जुन्या गावात रस्ता चुकल्या."

"माझ्यावर तुझा राग आहे. तू चार कुटुंबांना पुढच्या टोकाच्या केबिन विकल्यास, नाचगाण्याच्या हॉलच्या बरोब्बर वर. मी त्या बदलून घ्यायला लावल्या."

"आहे राग! नाही कशाला म्हणू?" कल्पेशचाही आवाज चढला. "पण माझा माणूस बंदरावर राहिला तर नाव कोणाचं जाते? माझंच. सगळीकडे तेच चाललंय, कल्पेशनं म्हातारीला सोडून दिली. तुम्हाला मागे ठेवून मी माझ्याच पायावर दगड मारू?"

हे पटण्यासारखं होतं. बाईंनी पाण्याकडे बघत दीर्घ श्वास घेतला. "त्या दिवशी काय झालं, सांग. क्रमानं."

"पावणेपाचला स्पीकरवर तुमचं नाव घेतलं. तीन वेळा. मी पळत तुमच्या केबिनला गेलो. सिक्युरिटी तिजोरी उघडून पासपोर्ट काढत होती. रजनीबेन वर डेकवर फोटो काढत होत्या. प्रसादभाईंचं दार ठोकलं, आत कोणी नाही. पाचला शिडी उचलली. त्याच्या जरा आधी पाकीट खाली एजंटकडे गेलं."

"त्यात गोळ्या होत्या."

"गोळ्या? जहाजाचे लोक पासपोर्ट देतात, बस. गोळ्या आपल्या माणसानं काउंटरवर नेऊन दिल्या तरच जातात."

"तू दिल्यास?"

"मला काय माहीत तुम्ही कुठली गोळी खाता?"

"प्रसादला कधी कळलं मी चढले नाही ते?"

"सातला, जेवणाच्या हॉलमध्ये. मीच सांगितलं. दुपारपासून झोपलो होतो म्हणाले. बिचारे रडले, अलकाबेन. मी डोळ्यानं बघितलं."

बाईंनी खांद्यावरची कापडी पिशवी उघडली. औषधं, पासपोर्टची झेरॉक्स आणि एक जोडी कपडे कायम हातातल्या पिशवीत ठेवायचे, कारण मोठी बॅग केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते. हा नियम त्या सिल्वासातही पाळायच्या. आतून त्यांनी गोळ्यांच्या दोन पट्ट्या काढल्या.

"ही माझी. सरकारी दवाखान्यातली. मागे छापलंय बघ, विक्रीसाठी नाही. तिकडेही मी हीच घेतली, पाकिटातल्या पट्टीला हातही लावला नाही. आणि ही पाकिटातली. औषध तेच, पण दुकानातून विकत घेतलेली. भारतातली. किंमत रुपयांत आहे. म्हणजे फुकेतला मला उशीर होण्याच्या कितीतरी आधी, इथे बसून, कुणीतरी माझ्या मागे राहण्याची तयारी केली होती."

पंधरा गोळ्यांच्या पट्टीतून कापून घेतलेला तो दहा गोळ्यांचा तुकडा होता. कात्री तिरकी चालल्यानं एका कोपऱ्यावरची गोळी जवळजवळ उघडी पडली होती.

मनीषानं ती पट्टी हातात घेतली, उलटी करून पाहिली, आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरला.

"आपण घरी जाऊ या, आई," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

५

परतताना खेरडी गावाच्या पुढे मनीषानं स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. दोन्ही बाजूंना कापणी झालेली रिकामी शेतं होती.

"ही मी आणलीय."

बाई मागच्या सीटवरून उतरल्या.

"तुम्ही निघायच्या आधल्या दिवशी. प्रसाद म्हणाला, आईच्या बीपीच्या गोळ्या जास्तीच्या असू देत, दहा बस्स झाल्या. दुकानदारानं घाईत वाकड्या कापल्या म्हणून मी त्याच्याशी भांडलेसुद्धा होते." मनीषा हँडल घट्ट धरून उभी होती. "तुम्हाला सांगू नको म्हणाला. आईला उगाच वाटेल आपण तिला म्हातारी समजतो. मला किती कौतुक वाटलं होतं त्याचं!"

अलकाबाई शेतांकडे बघत राहिल्या. आता त्यांना डॉक्टरांची खोली आठवत होती. तो थंड आवाज. ते वाक्य. तेव्हा रागाच्या भरात कानावरून गेलेलं.

"घड्याळ एक तास मागे लावून बसली," त्या म्हणाल्या. "प्रसाद डॉक्टरांना हेच म्हणाला. रजनीला फोटो बघेपर्यंत माहीत नव्हतं. कल्पेशला तर आजही नव्हतं, तो समजतो मी रस्ता चुकले. तुलासुद्धा मी नंतर सांगितलं. मग त्याला कुणी सांगितलं?"

मनीषानं किल्ली फिरवली.

शनिवार होता. प्रसाद घरीच होता, टीव्हीसमोर. मनीषानं टीव्ही बंद केला आणि ती कापलेली पट्टी त्याच्यापुढे टीपॉयवर टाकली.

"तू सात वाजेपर्यंत झोपला होतास ना?" बाईंनी विचारलं.

"कधी?"

"फुकेतला. ही पट्टी पाचच्या आत जहाजावरून उतरली. जहाजाच्या माणसांना माझी गोळी ठाऊक नाही, कल्पेशला नाही, रजनीनं दिली नाही. तूच दिलीस. मग सातला कल्पेशसमोर रडलास कशाला?"

"आई, तू काहीतरीच…"

"घड्याळ तासभर मागे होतं हे तुला कसं कळलं?"

"तूच सांगितलंस."

"नाही सांगितलं. शरम वाटली म्हणून एका माणसाला सांगितलं नाही. मागे करणाऱ्यालाच ते सांगावं लागत नाही."

प्रसादनं बायकोकडे पाहिलं. मनीषा त्याच्याकडे अशी बघत होती, जणू घरात कुणी अनोळखी माणूस येऊन बसलाय. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुला काही होणार नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "मी सगळा विचार केला होता. पासपोर्ट धक्क्यावर मिळतो, एजंट हॉटेल बघून देतो, दुसऱ्या दिवशी विमान. सगळं तुझ्याच पुस्तिकेत लिहिलंय. गोळ्यासुद्धा पाठवल्या मी. एक दिवसाचा तर प्रश्न होता."

"कशासाठी?"

"कशासाठी काय? एकशे दहा दिवस! मधल्या समुद्रात तुला अॅटॅक आला तर? मी काय करायचं इथे बसून? शंभरदा सांगितलं, ऐकलंस का? एकदा भीती बसली असती तर आपणहून थांबली असतीस. मी काळजीपोटी केलं, आई. पैशाचा, घराचा, कशाचा विचार माझ्या मनात नव्हता. देवाशपथ."

"पैशासाठी केलं असतंस तर मला कमी राग आला असता." बाईंचा आवाज आता ताब्यात राहिला नव्हता. "पैसा नेला असतास, परत मिळवला असता. तू माझा माझ्यावरचा विश्वास नेलास. रोज सकाळी मी या ओट्याशी उभी राहून पाढे म्हणतेय, प्रसाद! एकोणतीसचा पाढा! रात्री झोपताना दार लावलं की नाही, गॅस बंद केला की नाही, सगळं तीनतीनदा बघतेय. आणि तू बघत होतास. मला घड्याळाचं चित्र काढायला लावलंस आणि शेजारी बसून बघत होतास!"

"मला वाटलं, थोडे दिवस…"

"आणि मला वापरलंस," मनीषा म्हणाली. ती ओरडली नाही, म्हणून ते जास्त लागलं. "मी आणलेल्या गोळ्या. उद्या माझी काळजी वाटली की माझ्या कशाचे काटे फिरवशील?"



"पासपोर्ट सोमवारी सकाळी, बँक उघडली की माझ्या हातात," बाई म्हणाल्या. "आणि उद्या मंडळात यायचं. पुढे बसायचं. लोकांना तू उठून सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"आई, माझ्या कंपनीतले लोक असतात तिथे. तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

"माझ्या शाळेतले असतात," बाई म्हणाल्या, आणि रमाकांत देवस्थळींना फोन लावायला आत गेल्या.

६

रविवारी सकाळी मंडळाचा हॉल गच्च भरला होता. फोनवर बाई काय म्हणाल्या ते कुणाला कळलं नाही, पण रमाकांतराव दारात उभे राहून स्वतः खुर्च्या मांडत होते. माइकपुढे अलकाबाई होत्या. रजनीबाई पहिल्या रांगेत फोन घेऊन बसल्या होत्या, दोन्ही फोटो उघडून. त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून मनीषा. तिसऱ्या रांगेत प्रसाद.

बाई रागातच बोलल्या, आणि म्हणून कदाचित इतकं चांगलं कधी बोलल्या नव्हत्या.

"जहाज संध्याकाळी सुटणार म्हणून त्याच दिवशी सकाळच्या विमानानं निघू नका. आदल्या दिवशी त्या गावात पोचा. विमानाला उशीर झाला तर जहाज तुमची वाट बघत नाही. तुम्ही कोण, तुमचं वय काय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. नदीवरच्या जहाजात बाल्कनीसाठी हट्ट धरू नका. गर्दीच्या धक्क्यावर चारचार जहाजं एकमेकांना चिकटून बांधतात. सकाळी पडदा सरकवाल तर शेजारच्या जहाजातला माणूस दात घासताना दिसेल." लोक हसले. बाई हसल्या नाहीत. "नदीचं पाणी उतरलं तर निम्मा प्रवास बसनं करावा लागतो, तेव्हा कुरकुर करू नका. जहाजावर फोन विमानात ठेवतो तसा बंद ठेवा. रोज खोलीत एक छापील कागद येतो, त्यावर बंदराच्या एजंटचा नंबर असतो. तो खिशात ठेवल्याशिवाय खाली उतरू नका."

पाऊण तास झाला. शेवटी रमाकांतराव उभे राहिले, घसा खाकरला. "अलकाताई, सगळ्यांच्या मनात आहे ते विचारतो. राग मानू नका. इतकं सगळं ठाऊक असून तुम्हाला जहाज कसं सोडून गेलं?"

 बाईंनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. त्या थांबल्या. त्या बराच वेळ थांबल्या, इतका की मागची माणसं चुळबुळ करू लागली. प्रसाद मान खाली घालून बसून होता. त्याचे हात गुडघ्यांवर होते आणि ते उठले नाहीत.

"माझ्या मुलानं माझं घड्याळ एक तास मागे केलं," अलकाबाई म्हणाल्या. "मी पाण्यात उतरले होते तेव्हा. मी म्हातारी झालेय हे मला पटावं म्हणून. फोटो रजनीकडे आहेत, ज्याला बघायचे त्यानं बघा. मी काहीही विसरले नव्हते."

कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. रमाकांतराव उभेच राहिले, बसायचं विसरून. कुजबुज मागून पुढे येऊ लागली आणि लोक माना वळवून प्रसादला शोधू लागले.

तेवढ्यात चौथ्या रांगेतून एक हात वर आला. बायडाबाई. शाळेत वीस वर्षं घंटा वाजवणारी, धुळ्याकडून आलेली, नवरा आणि मुलगा दोघांच्या मागे एकटी राहणारी.

"बाई, एक इचारू का? सत्तर वर्साच्या एकट्या बाईले घेता का वो जहाजावर?"

लोक वळून तिच्याकडे बघू लागले. तिच्या शेजारच्या दोघी मात्र बाईंकडे बघत होत्या. त्यांच्या मागच्याही. मनीषासुद्धा.

प्रसाद उठला आणि बाजूच्या दारानं बाहेर गेला. दार लागल्याचा आवाज झाला, पण चौथ्या रांगेतल्या एकीनंही मागे वळून पाहिलं नाही.

"घेतात," अलकाबाई म्हणाल्या.  "पासपोर्ट आहे का तुझ्याकडे?"

"नाय."

"मग उद्या दहाला घरी ये. आधार कार्ड घेऊन ये. फॉर्म मी भरते."